होडीची घडी

पिशवीचा बंद सोडला आणि सर्वांत आधी वास आला. ओल्या गोणपाटासारखा कुबट, त्यात रबराचा उग्रपणा मिसळलेला. मागच्या हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी मी ती होडी घाईने गुंडाळून पिशवीत कोंबली होती आणि ‘उद्या नीट करू’ असे स्वतःला सांगितले होते. तो उद्या उजाडायला सात महिने लागले. घडी उलगडू लागलो तेव्हा करड्या कापडाचे थर एकमेकांना धरून बसले होते आणि ओढताच जुनी चिकटपट्टी सुटावी तसा आवाज करत वेगळे होत होते. तळ आणि बाजूचा हवा भरायचा नळा जिथे मिळतात त्या खाचेत वाळूची सलग रेघ होती, बोट लावले तर अजून दमट. तिच्या दोन्ही अंगांना काळ्या बुरशीचे ठिपके पडले होते. मागच्या लाकडी फळीला नळ्याशी जखडून ठेवणारी पट्टी एका कडेने चांगली दोन बोटे सुटून वर आली होती.

त्या दिवशी मी जमिनीवर बसूनच हिशेब मांडला. आदल्या वर्षात ती होडी पाण्यात होती ११ दिवस. उरलेले ३५४ दिवस ती कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात पडून होती. पाण्यातल्या त्या ११ दिवसांत मी तिला तळहातावरच्या फोडाप्रमाणे जपले होते. खडकाळ किनारा टाळला, बूट काढून चढलो, गळ आणि सुरी झाकणाच्या डब्यात ठेवली, वाळूवरून ओढण्याऐवजी दोघांनी मिळून उचलून नेली. तिच्यावर एक ओरखडासुद्धा आला नव्हता. जे काही बिघडले ते मी पाठ फिरवल्यावर, अंधारात, एकाही लाटेचा धक्का न बसता बिघडले होते. हवा भरायच्या होडीविषयी मी जे काही शिकलो ते या विषम हिशेबातून शिकलो, आणि म्हणून हा लेख पाण्याविषयी जवळजवळ नाहीच. होडी बाहेर काढल्यानंतरच्या तासाभराविषयी आणि त्यापुढच्या लांबलचक महिन्यांविषयी तो आहे.

हिला डिंगी म्हणतात. शब्द मूळचा हिंदी-बंगालीतला. इंग्रजीने तो लहान होडीसाठी उचलला आणि रबराच्या फुगीर होडीला चिकटवून आपल्याकडे परत धाडला. होडी म्हटली तरी ती बांधणीच्या दृष्टीने पिशवीच आहे, आणि तिचे सगळे दुखणे पिशवीचे दुखणे असते. पॉलिस्टरच्या धाग्यांचे विणलेले कापड आत असते. ताण ते सोसते. हवा अडवण्याचे काम त्यावरच्या लेपाचे. हा लेप बहुतेक स्वस्त आणि मध्यम होड्यांत पीव्हीसीचा असतो. पीव्हीसी हा पदार्थ मुळात कडक आहे, नळाचे पाइप त्याचेच असतात. होडीच्या कापडात तो मऊ राहतो तो त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे, ज्याला प्लास्टिसायझर म्हणतात. ऊन, उष्णता आणि तेलकट पदार्थ यांच्या संगतीत हे द्रव्य हळूहळू बाहेर येते. कापड आधी चिकट होते आणि मग ताठर. माझ्या होडीचे थर एकमेकांना का चिकटले होते याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे, कारण ती ज्या गॅरेजात पडून होती ते उन्हाळ्यात भट्टीसारखे तापत असे.

महागड्या होड्यांना हायपलॉन वापरतात. हे ड्यूपॉन्ट कंपनीने दिलेले व्यापारी नाव. पदार्थ म्हणजे क्लोरोसल्फोनेटेड पॉलिइथिलीन नावाचे कृत्रिम रबर. ड्यूपॉन्टने त्याचे उत्पादन २०१० मध्ये थांबवले, इतर उत्पादक तसेच रबर बनवतात आणि नाव मात्र लोकांच्या तोंडात तेच राहिले. ते ऊन आणि इंधन यांच्यापुढे पीव्हीसीपेक्षा पुष्कळ अधिक टिकते, पण उष्णतेने वितळवून त्याचे सांधे जोडता येत नाहीत, म्हणून त्या होडीचा प्रत्येक जोड गोंदाचा असतो आणि गोंदाला ओल आणि उष्णता या दोन्हींचे वावडे असते. पीव्हीसी की हायपलॉन हा वाद होडीवाल्यांत तासन्‌तास चालतो. माझे मत विचाराल तर कोरडी ठेवलेली पीव्हीसीची होडी ओली ठेवलेल्या हायपलॉनच्या होडीपेक्षा चांगल्या अवस्थेत राहते, आणि वाद घालण्यात गेलेला तास होडी पुसण्यात घालवला तर दोन्ही पक्षांच्या होड्यांचे भले होईल.

चिकटण्याची ही तक्रार नवी नाही. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांच्या मधे रबराचा थर घालून जलरोधक कापड केले, तेव्हा ते थंडीत ताठ आणि उन्हात चिकट होई अशीच ओरड होती. रबर गंधकाबरोबर तापवून स्थिर करण्याची युक्ती चार्ल्स गुडइयर यांना १८३९ च्या सुमारास सापडली. पुढे १८४० च्या दशकात ब्रिटिश नौदलातील पीटर हॅल्केट या अधिकाऱ्याने अंगरख्यासारखी पांघरता येणारी होडी बनवली. भात्याने हवा भरायची, वल्हे काठीला जोडायचे आणि छत्रीचे शीड करायचे. ध्रुवप्रदेशात फिरणाऱ्या जॉन रे यांनी ती प्रवासात वापरली आणि तशी एक होडी ऑर्कनी बेटांवरच्या स्ट्रॉमनेस संग्रहालयात आजही आहे. दीडशेहून अधिक वर्षे टिकलेल्या त्या रबरी कापडाकडे मी आदराने पाहतो, कारण माझी होडी सात महिनेसुद्धा धड टिकली नव्हती.

आता धुण्याविषयी. होडी फुगलेली असतानाच धुवावी. ढिल्या कापडाला सुरकुत्या पडतात, सुरकुत्यांत माती बसते आणि पाणी तिथवर पोहोचत नाही. शिवाय व्हॉल्व्ह उघडे असताना पाण्याची नळी फिरवली तर पाणी थेट नळ्यांच्या आत शिरते आणि तिथून ते काढणे फार कठीण. गोडे पाणी, सौम्य साबण, मऊ फडके किंवा स्पंज, एवढे साहित्य पुरेसे असते. मीठ स्वतः कापडाला फारसे खात नाही, पण वाळल्यावर त्याचे स्फटिक होतात, ते घडीमध्ये काचकागदासारखे घासतात आणि हवेतली ओल धरून ठेवतात. वाळूचा उपद्रव त्याहून मोठा. तळ आणि नळा यांच्या खाचेत ती खोलवर जाते आणि होडी हलली की प्रत्येक वेळी थोडी घासते. मी होडी कलती करून नळीचे पाणी त्या खाचेतून वाहू देतो आणि हातात जुना मऊ दाढीचा ब्रश घेऊन नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या फळीपर्यंत एकेक वीत पुढे सरकतो. ब्रशखालून वाळू निघायची थांबली असे वाटते तेव्हा ती थांबलेली नसते. बोटांनी खाच दाबून पाहिली की आतून पुन्हा करकर जाणवते.

काय लावू नये याची यादी मोठी आहे, पण तिचा आशय एकच: तेलकट, द्रावक किंवा चमक आणणारे काहीही नको. ॲसिटोनने पीव्हीसीचा लेप मऊ पडतो. पेट्रोल सांडले तर ते लगेच साबणाच्या पाण्याने धुवावे, गोंदापर्यंत पोहोचू देऊ नये. सिलिकॉन असलेली चमकदार पॉलिश तर मी शत्रूलाही सुचवणार नाही. होडी चार दिवस नवीकोरी दिसते, आणि पुढे कधी ठिगळ लावायची वेळ आली की त्या जागी गोंद धरतच नाही. उन्हाचे मलम लावलेल्या मांड्या नळ्यावर टेकल्या की तिथे पिवळट चिकट डाग पडतात. डास पळवणाऱ्या मलमांतले डीट नावाचे रसायन कित्येक प्लास्टिकांना विरघळवते, तेव्हा ते चोळलेला हात आधी पुसावा आणि मगच होडीला लावावा. बुरशीचे ठिपके पडलेच तर पाण्यात मिसळलेला व्हिनेगर लावून, थोडा वेळ ठेवून धुवावे. काळी झाक बहुधा पूर्ण जात नाही; माझ्या पहिल्या होडीची कधीच गेली नाही.

धुणे हे सोपे काम आहे. अवघड काम आहे वाळवणे, कारण त्यात करण्यासारखे काही नसते आणि थांबणे तेवढे असते. सहल संपलेली असते, सगळ्यांना घरी जायचे असते, पाठ दुखत असते आणि होडीचा वरचा भाग दहा मिनिटांत कोरडा दिसू लागतो. फसवणूक इथेच होते. वरचे कापड कोरडे असले तरी ओल लपण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: तळाची खाच, वल्ह्याच्या कडीखालचा भाग, बाजूला बांधलेल्या दोरीची भोके, बसायच्या फळीचे पट्टे, उचलायच्या मुठींच्या आतली बाजू, आणि हवा भरलेला तळ असेल तर त्या तळाखालची सगळी जागा. सर्वांत चुकार जागा म्हणजे दोरी. कापड तासाभरात सुकते, पण दोरीच्या पिळात पाणी दिवसभर राहते आणि घडीत तिच्याच रेषेवर बुरशी धरते. मी आता दोरी बोटांनी पिळून पाहतो. बोटाला गारवा लागला तर घडी घालत नाही, मग बरोबरचे लोक कितीही तोंडे वाकडी करोत.

वाळवताना होडी सावलीत आणि वाऱ्यात असावी. उन्हात लवकर वाळते हे खरे, पण उन्हात वाळवण्याची सवय लागली की ती तिथे अर्धा दिवस पडून राहते, आणि अतिनील किरणे लेपाचे जे नुकसान करतात ते कशानेच भरून येत नाही. मी होडी आधी नाळेवर तिरकी उभी करून पाणी निथळू देतो, मग उलटी करतो, मग पुन्हा सुलटी, आणि प्रत्येक वेळी खाचेत फडक्याची घडी सारून पुसून घेतो. किनाऱ्यावर एवढे जमत नसेल तर मी हार मानतो, होडी ओलीच गुंडाळतो आणि घरी पोहोचताच पुन्हा फुगवतो. दमून आल्यावर ज्या होडीतली हवा आपण तासापूर्वी सोडली तीच पुन्हा भरायची, या कामाइतके उदास काम मला माहीत नाही. पण ‘उद्या’ या शब्दाची किंमत मी एकदा मोजलेली आहे.

हवा सोडतानाही एक क्रम असतो. होडीच्या नळ्यांत दोन, तीन किंवा अधिक कप्पे असतात आणि त्यांच्यामधे आतून कापडाचे पडदे असतात. एका कप्प्यातली सगळी हवा आधी काढली तर शेजारच्या भरलेल्या कप्प्याचा सगळा दाब त्या पडद्यावर येतो आणि तो एका बाजूला फुगून ताणला जातो. म्हणून सगळे व्हॉल्व्ह आधी थोडे उघडून दाब सारखा उतरवावा. भरतानाही सगळे कप्पे आधी अर्धेमुर्धे भरावेत आणि मग फेरीफेरीने पूर्ण करावेत. हवा आपोआप निघते तेवढी निघाल्यावर पंप उलटा जोडून उरलेली ओढून घेतली की कापड पातळ सपाट होते आणि घडी लहान बसते. कापडावर बसून हवा काढण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि खाली एखादा खडा असला की तो त्याच क्षणी आपली कामगिरी बजावतो.

लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या तळाच्या फळ्या आधी काढून वेगळ्या ठेवाव्यात, कारण त्यांच्या कोपऱ्यांवरून वळलेले कापड नेमके तिथेच झिजते. मग दोन्ही नळे आत दुमडायचे आणि मागच्या फळीपासून नाळेकडे सैल गुंडाळत जायचे. अशाने फळी गुंडाळीच्या पोटात राहते आणि तिची टोके बाहेरच्या थराला टोचत नाहीत. मी आधी उलट करत असे, नाळेपासून सुरुवात, आणि शेवटी जड फळी वरून दाणकन आपटे. घडी सैल ठेवायची हे सांगायला सोपे आहे. पिशवी मात्र नेहमी होडीपेक्षा चार बोटे लहान शिवलेली असते, ही माझी पिशवी शिवणाऱ्यांविरुद्धची कायमची तक्रार आहे. होडी पिशवीत बसवण्यासाठी आपण गुडघ्याने दाबतो, घडीचा दुमड धारदार होतो, आणि वर्षानुवर्षे त्याच रेषेवर मोडून लेपाला आधी पांढरी रेघ आणि मग भेग पडते. शेवटी मी ती मूळ पिशवी वल्ह्यांसाठी ठेवली आणि होडीसाठी मोठे सुती आवरण घेतले. घडीची जागा दर वेळी थोडी बदलायची, आणि थंडीत कापड ताठ असेल तर आधी ते उबदार खोलीत तासभर ठेवायचे. थरांमध्ये हलकेच टाल्कम पावडर भुरभुरावी म्हणजे ते एकमेकांना धरत नाहीत. पण पावडर कोरड्या कापडावरच टाकावी. ओलीवर तिचा नुसता चिखल होतो.

खरे तर घडी घालायचीच वेळ येऊ नये, हे सर्वांत उत्तम. जागा असेल तर होडी छपराखाली, अर्ध्याच दाबाने फुगवून, जमिनीपासून वर, रुंद पट्ट्यांवर किंवा फळ्यांवर ठेवावी. दुमड नाही, चिकटणे नाही, वारा सर्व बाजूंनी. अशी जागा घरात मागितल्यावर काय उत्तर मिळते ते मला ठाऊक आहे, त्यामुळे बहुतेकांच्या नशिबी घडीच असते. मग ती कोरड्या, अंधाऱ्या, फार न तापणाऱ्या खोलीत, जमिनीला न टेकवता ठेवावी आणि तिच्यावर दुसरे काही रचू नये. बंद मोटारीच्या मागच्या कप्प्यात तर उन्हाळ्यात मुळीच ठेवू नये, तिथल्या उष्णतेत जोडांचा गोंद नरम पडतो. शेवटचा शत्रू उंदीर. त्याला गुंडाळलेली होडी म्हणजे आयते घर वाटते, आणि गुंडाळीतून एकदा कुरतडत गेला की उलगडल्यावर सारख्या अंतरावर ओळीने भोके दिसतात, जणू कोणी मोजूनच पाडली आहेत. म्हणून होडीशेजारी खाण्याचे काही ठेवू नये, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा तिला हलवून, उघडून पाहावे.

हवेचा दाब हा वेगळाच विषय आहे आणि त्याविषयी गैरसमज फार. मोटारीच्या चाकात साधारण २.२ बार दाब असतो. होडीच्या नळ्यांत त्याच्या नवव्या हिश्श्याइतका, साधारण ०.२५ बार. तळ हवेचा असेल तर त्यात आतून असंख्य धाग्यांनी वरचा आणि खालचा थर एकमेकांना बांधलेला असतो, त्यामुळे तो फळीसारखा सपाट राहून ०.७ ते ०.८ बार दाब सोसतो. ‘फुटू नये’ म्हणून लोक नळे मऊच ठेवतात. मऊ नळा वळतो, लाटेगणिक होडी मधे वाकते, मागची फळी डुलते आणि जोडांवर ताण येतो. दाब मोजायचे लहान यंत्र जवळ असावे, कारण अंगठ्याने दाबून पाहण्यात अंगठ्याचे समाधान होते एवढेच.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. २५ अंश सेल्सिअसला ०.२५ बार भरून होडी किनाऱ्यावर उन्हात सोडली आणि आतली हवा ५० अंशांपर्यंत तापली, तर बंद जागेतल्या हवेच्या नियमाने दाब ०.३५ बारच्या वर जातो. कापड थोडे ताणते म्हणून प्रत्यक्ष वाढ जरा कमी भरते, तरी जोडांना ती जाणवायची ती जाणवते. म्हणून होडी पाण्याबाहेर उन्हात ठेवायची तर थोडी हवा सोडावी. आणि तीच होडी १५ अंशांच्या पाण्यात उतरली की दाब ०.२ च्या आसपास येतो, नळा मऊ लागतो आणि माणूस हवा गळते आहे असे समजून घाबरतो. गळती तपासायची असेल तर संध्याकाळ आणि सकाळ यांची तुलना करू नये. एका सकाळची तुलना दुसऱ्या सकाळशी करावी.

हे मला ठाऊक असूनही मी एकदा दोन संध्याकाळी भोक शोधत बसलो. डावा नळा सकाळपासून सकाळपर्यंत खरोखरच मऊ होत होता. साबणाचे पाणी स्पंजने सगळ्या जोडांवर फिरवले, गुडघ्यांवर रांगत एकेक वीत पाहिली, नळ्याला कान लावला, ओला गाल लावला. कुठे फुगा नाही, कुठे फुंकर नाही. दुसऱ्या संध्याकाळी कंटाळून व्हॉल्व्हचे टोपण काढले आणि उरलेला फेस सहज त्याच्या तोंडावर पिळला. दोन-तीन क्षण काही झाले नाही. मग फेसाच्या कडेशी मोहरीएवढा एक बुडबुडा उगवला, फुगत फुगत वाटाण्याएवढा झाला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा उगवला. टोपण लावलेले असताना ही गळती दिसत नव्हती, फक्त मंद होत होती. व्हॉल्व्ह उघडून आतल्या रबरी पडद्यावरून ओले बोट फिरवले तर बोटाला वाळूचा एक कण लागून आला. एकच कण. तो पडद्याच्या कडेखाली बसला होता आणि पडदा पुरता टेकत नव्हता. तेव्हापासून माझी तपासणी व्हॉल्व्हपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. हवा भरण्यापूर्वी पंपाचे तोंडही पाहावे, कारण वाळू बहुधा तिथूनच आत जाते. किनाऱ्यावर पंप ठेवताना आपण त्याचे तोंड नेमके वाळूत टेकवतो.

साबणाला न दिसणारी गळती एकच: आतल्या पडद्याची. एका कप्प्यातली हवा दुसऱ्यात जाते, बाहेर काहीच येत नाही. ती ओळखायला एकच कप्पा भरावा, शेजारचा रिकामा ठेवावा आणि काही तासांनी रिकामा कप्पा अंग धरू लागला आहे का ते पाहावे. धरू लागला असेल तर घरगुती इलाज जवळजवळ नाही. ते काम कारागिराचे.

बाहेरचे भोक मात्र आपल्या हाताने बुजवता येते आणि त्यात समाधानही आहे, घाई केली नाही तर. होडी पूर्ण सपाट आणि कोरडी असावी, हवेत दमटपणा नसावा, ऊन थेट पडू नये, खोलीचे तापमान साधारण २० अंशांच्या आसपास असावे. ठिगळ त्याच जातीच्या कापडाचे, भोकाच्या चहूबाजूंना पाच सेंटिमीटर पुढे जाणारे, आणि त्याचे कोपरे गोल कापलेले असावेत. टोकदार कोपरा आधी उचलतो. पीव्हीसीला पीव्हीसीचा गोंद, हायपलॉनला हायपलॉनचा. यात अदलाबदल चालत नाही. गोंद दोन भागांचा असतो आणि त्यातले कठीण करणारे द्रव्य मोजून थेंबांनी मिसळायचे असते. पेन्सिलीने ठिगळाची कड आखायची, दोन्ही पृष्ठभाग योग्य द्रावकाने पुसायचे, दोन्हींवर पातळ थर द्यायचा आणि थांबायचे. तो सुकल्यावर दुसरा थर, आणि पुन्हा थांबायचे, बोटाच्या पेराला नुसता चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका सुकेपर्यंत. मग ठिगळ एका कडेने टेकवत न्यायचे आणि चमच्याच्या पाठीने मधून बाहेरच्या बाजूला घोटायचे. एकदा टेकले की सरकवता येत नाही. माझे पहिले ठिगळ तिरके बसलेले आहे आणि ते मी तसेच मान्य केले आहे. किमान एक अहोरात्र हवा भरू नये. जाडसर गोंद एकदाच थापून तासाभरात होडी फुगवणारे लोक मी पाहिले आहेत, एके काळी आरशातही.

मागच्या फळीकडे वर्षातून एकदा नीट पाहावे. ती बहुधा प्लायवूडची असते आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी आत शिरते. भोकाभोवती लाकूड काळे दिसले तर ते वाळवून, भोक पुन्हा बुजवून घ्यावे. इंजिन तिच्यावर लटकते ठेवून होडी साठवू नये. आणि होडी उघड्यावर बांधून ठेवलीच, तर ती पाण्याबाहेर असताना तळाचे बूच काढून ठेवावे. दीड चौरस मीटरच्या तळावर दहा सेंटिमीटर पाणी साचले की ते दीडशे किलो भरते, आणि टांगलेल्या होडीचे जोड त्या वजनासाठी केलेले नसतात.

पहिल्या होडीची ती सुटलेली पट्टी मी दोनदा चिकटवली. दोन्ही वेळा काठ धरला आणि मधला भाग पुन्हा उठला, कारण जुना कुजलेला गोंद पूर्ण खरवडून काढण्याचा धीर माझ्यात नव्हता. तिसऱ्या हंगामात ती पट्टी पाण्यातच सुटली, सुदैवाने किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. दुसरी होडी घेतली तेव्हा पहिली मी टाकली नाही. नळ्यांच्या आतल्या बाजूचे कापड चांगले होते. गोंद लावण्याचा सराव मी त्याच्याच तुकड्यांवर केला, आणि अर्ध्याहून अधिक तुकडे वाया घालवल्यावर हात बसला. तिचा तळ मात्र अखंड कापून ठेवला. नवीची घडी घालायची असते तेव्हा तो खाली अंथरतो, म्हणजे जमिनीवरचे खडे कापडाला लागत नाहीत. अंथरण्यापूर्वी तो झटकावा लागतो. इतक्या वर्षांनंतरही त्याच्या कडेच्या जोडातून कधी कधी चिमूटभर वाळू पडते.